वाऱ्याच्या बेटावरचा भाजीमळा

१ जानेवारी १९९२ च्या वादळात ब्रिटनच्या उत्तर टोकावरच्या अन्स्ट बेटावर वारा मोजणारं यंत्र वाऱ्यानेच मोडून नेलं. सॅक्सा व्होर्ड नावाच्या टेकडीवर ते बसवलेलं होतं. निकामी होण्याआधी त्याने ताशी १९७ मैलांचा, म्हणजे सुमारे ३१७ किलोमीटरचा झोत टिपला होता. हवामान खात्याच्या अधिकृत विक्रमांत या आकड्याला जागा नाही. तरी शेटलंड बेटांवर राहणाऱ्या माणसांना तो खोटा वाटत नाही, कारण हिवाळ्यात दार उघडताना दोन्ही हातांनी धरून ठेवायची सवय तिथे लहानपणीच लागते.

अन्स्ट हे याच शेटलंड द्वीपसमूहातलं बेट. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र आणि मध्ये ६० अंश उत्तर अक्षांशावर पसरलेली ही उघडी, गवताळ बेटं. लोकवस्ती जेमतेम २३ हजार. झाडं इतकी कमी की नवख्याला आधी तीच उणीव जाणवते. वारा समुद्राचं खारं पाणी उचलून आणतो आणि कोवळी पानं एका रात्रीत करपून जातात. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या अ‍ॅबर्डीन बंदरातून रात्रभराचा प्रवास करून बोट येते. ताजी भाजी आणि फळं यायची तीही बोटीनेच. समुद्र खवळला की बोट थांबते आणि दुकानांतली भाजीची फडताळं रिकामी होऊ लागतात. त्यामुळे घरामागे पालक, लेट्यूस, गाजर, टोमॅटो पिकवणं हे इथल्या माणसाला मनापासून हवं असतं.

आणि ते पिकवण्यासाठी छप्पर लागतं.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या परसबागांत हे छप्पर दोन रूपांत दिसतं. एक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा लाकडाच्या चौकटीत काचा बसवलेलं छोटं काचघर. दुसरं पॉलिटनेल, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या कमानी जमिनीत रोवायच्या आणि त्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक ताणायचं. मावळात किंवा नाशिककडे दिसणारी दहा-वीस गुंठ्यांची पॉलिहाऊस ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे खेळण्याएवढं वाटेल. रुंदी तीन मीटर, लांबी सहा मीटर, आत जेमतेम ताठ उभं राहता येईल एवढी उंची. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय आणि बांगलादेशी कुटुंबांची मिरची, मेथी, कोथिंबीर, दुधी भोपळा अशाच आडोशात वाढतो. महाराष्ट्रात हरितगृह मुख्यतः ऊन, पाऊस आणि कीड आवरण्यासाठी उभारतात. तिकडे ते ऊब धरून ठेवण्यासाठी असतं, आणि म्हणून सर्वांत वाईट हवेच्या महिन्यांतही त्यावरचं प्लॅस्टिक काढून ठेवता येत नाही.

हे वाईट महिने म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडे सूर्य दिसेनासा होतो आणि तिकडची थंडी व दक्षिणेकडची ऊब यांतला फरक वाढतो. त्यामुळे उंचावरून वाहणारा जेट स्ट्रीम जोर धरतो आणि अटलांटिकवर तयार झालेली कमी दाबाची चक्रं एकामागून एक या बेटांवर येऊन आदळतात. २०१५ पासून ब्रिटन आणि आयर्लंडची हवामान खाती या वादळांना नावं देतात. २४ जानेवारी २०२५ रोजी आलेल्या एओविन वादळाने आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेस हेड इथे ताशी १८० किलोमीटरहून जोरदार झोत नोंदवला आणि १९४५ पासूनचा त्या देशाचा विक्रम मोडला. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये युनिस वादळाने आयल ऑफ वाइट बेटाजवळच्या नीडल्स इथे ताशी १२२ मैल गाठले होते. अशा प्रत्येक वादळानंतर मोडक्या कमानी, फाटक्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या आणि भाजीच्या वाफ्यांत विखुरलेल्या काचा मागे राहतात. हे नुकसान मात्र बऱ्याच अंशी टाळता येतं. त्यासाठी वारा नेमकं काय करतो ते आधी समजून घ्यावं लागतं.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ६ किलो वजनाइतका रेटा देतो. ७२ ला तो २५ किलो होतो, १०८ ला ५६ आणि १४४ ला थेट १००. म्हणूनच ‘मागच्या वर्षीच्या वाऱ्यात काही झालं नाही’ या अनुभवावर विसंबता येत नाही. वेग थोडासा वाढला तरी भार पुष्कळ वाढलेला असतो.

त्यातही गोम अशी की वारा फक्त ढकलत नाही, तो उचलतो. कमानीवरून जाताना हवेचा वेग वाढतो, वरच्या बाजूला ओढ तयार होते आणि विमानाच्या पंखाप्रमाणे सगळा सांगाडा वर खेचला जातो. तीन बाय सहा मीटरच्या टनेलला ताशी १०८ किलोमीटरच्या वाऱ्यात अर्ध्या ते एक टनाच्या घरात उचल बसू शकते. खुद्द टनेलचं वजन त्यापुढे नगण्य. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं, तर आत शिरलेली हवा खालून छताला रेटते आणि बाहेरची ओढ वरून खेचते. दोन्ही बळं एकाच दिशेची होतात. उभं टनेल जागेवरून उपटून शेजारच्या कुंपणावर जाऊन पडतं ते असं.

यावरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. हरितगृह वाचतं ते पक्क्या पायामुळे आणि बंद फटींमुळे. नवखा माणूस मात्र बहुतेक वेळा पैसे खर्च करतो ते जास्त जाड प्लॅस्टिकवर.

पायाचं काम खर्चिक नाही, कष्टाचं आहे. कमानीचा पाइप नुसता मातीत खोचून चालत नाही. आधी जाड पाइपचे तुकडे जमिनीत ठोकतात आणि कमानी त्यांत बसवतात. जमीन भुसभुशीत असेल तर या तुकड्यांच्या तळाशी लोखंडी पट्ट्या जोडून पुरतात किंवा भोवती काँक्रीट ओततात. प्लॅस्टिकची कडा दोन प्रकारे धरता येते. टनेलच्या दोन्ही बाजूंनी चर खणायचा, प्लॅस्टिकची झालर त्यात सोडायची आणि माती भरून धुमस करायचा, हा जुना मार्ग. दुसऱ्या मार्गात खाली आडवी पट्टी बसवून तिच्यात प्लॅस्टिक अडकवतात. पट्टीचा मार्ग नीटनेटका आहे, पुढे प्लॅस्टिक सैल झालं तर पुन्हा ताणताही येतं. पण वाऱ्याच्या टापूत चराला तोड नाही, कारण तिथे पुरलेल्या मातीचं सगळं वजन प्लॅस्टिकच्या पूर्ण लांबीला धरून असतं आणि खालून वारा शिरायला फटच उरत नाही.

प्लॅस्टिक बसवायचा दिवसही महत्त्वाचा. ऊन असलेल्या, वारा पडलेल्या दिवशी प्लॅस्टिक किंचित प्रसरण पावतं. त्या वेळी ते ताणून बसवलं की थंडीत आक्रसून ढोलासारखं घट्ट होतं. थंड दिवशी बसवलेलं प्लॅस्टिक पहिल्याच उन्हात सैल पडतं आणि सैल प्लॅस्टिक वाऱ्यात फडफडतं. एका तडाख्यात फाटणारं प्लॅस्टिक विरळाच. रात्रभर हजारो वेळा फडफडून, कमानीवर घासून, एखाद्या खिळ्याच्या टोकाशी चीर पडून ते संपतं. म्हणून कमानींच्या वरच्या बाजूला फोमची चिकटपट्टी लावतात. ती दोन कामं करते. घासणं थांबवते, आणि उन्हात तापलेल्या लोखंडामुळे त्या रेषेवर प्लॅस्टिक कमकुवत होतं तेही टाळते. छोटी चीर दिसताक्षणी दोन्ही बाजूंनी दुरुस्तीची टेप मारावी. बोटभर चीर वादळाच्या रात्री छतभर धावते.

कमानींमध्ये कर्णरेषेत मारलेले आधार, विशेषतः चारही कोपऱ्यांतले, टनेलला लांबीच्या दिशेने कलंडू देत नाहीत. विकत मिळणाऱ्या स्वस्त संचांत हे आधार बऱ्याचदा नसतात. पाइप पातळ असतात, कमानींमधलं अंतर जास्त असतं आणि सोबत दिलेल्या खुंट्या वीतभर लांबीच्या. शहरातल्या आडोशाच्या अंगणात असा संच चार वर्षं टिकेल, उघड्या माळावर पहिल्या हिवाळ्यातच त्याची घडी होईल. विकत घेणाऱ्याने आपलं अंगण कुठे आहे हे आधी बघावं, किंमत नंतर.

शेटलंडच्या लोकांना हे ठेचा खाऊन कळलं. साध्या टनेलचं प्लॅस्टिक तिथे टिकेना. तेव्हा शेटलंडच्या मुख्य बेटाच्या उत्तर भागातल्या नॉर्थमेव्हिन इथल्या लोकांनी, गावाने मिळून चालवलेल्या विकास कंपनीमार्फत, स्वतःची रचना शोधली. शेटलंडच्या खाड्यांत सामन माशांची मोठी शेती चालते आणि तिथून जाड, काळ्या प्लॅस्टिकचे जुने पाइप मोठ्या संख्येने टाकाऊ म्हणून निघतात. या पाइपच्या त्यांनी कमानी केल्या. हे पाइप गंजत नाहीत, खाऱ्या हवेला दाद देत नाहीत, आणि जोराच्या झोतात थोडे वाकून परत जागेवर येतात. वर फडफडणाऱ्या पातळ प्लॅस्टिकऐवजी दुहेरी भिंतीचे पॉलिकार्बोनेटचे पत्रे वाकवून पक्के बसवले. या घराला ‘पॉलिक्रब’ म्हणतात. घरामागची भाजी, शाळेची बाग, गावकऱ्यांची सामायिक बाग अशा अनेक ठिकाणी ती उभी राहिली आणि पुढे ऑर्कनी बेटांवर व स्कॉटलंडच्या इतर भागांतही गेली. टाकून दिलं जाणारं प्लॅस्टिक वापरून आपल्या बेटावर आपली भाजी पिकवणं, ही गोष्ट मनापासून कौतुक करावी अशी आहे.

या नावाचा अर्धा भाग ज्यातून आला ते प्लँटिक्रब शेटलंडच्या माळांवर अजून दिसतात. दगडांनी रचलेली, चुना-मातीविना उभी असलेली ही लहानशी गोल किंवा चौकोनी कुंपणं. वर छप्पर नाही. यांत शेटलंडच्या देशी कोबीची रोपं वाढवायची आणि मग ती घराजवळच्या वाफ्यात लावायची, अशी शेकडो वर्षांची रीत होती. ही कुंपणं मुद्दाम लहान ठेवलेली आहेत, म्हणजे आतलं प्रत्येक रोप कुठल्या ना कुठल्या भिंतीच्या आडोशात येतं. आणि कोरड्या रचाईच्या दगडांत फटी राहतात. त्यांतून थोडा वारा झिरपतो.

हा झिरपणारा वारा फार मोलाचा. वाऱ्याला अडवायला सलग भिंत किंवा फळ्यांचं कुंपण घातलं तर वारा भिंतीवरून उसळतो आणि पलीकडे भोवरे घालत खाली आपटतो. टनेल नेमकं तिथे असेल तर उघड्यावरच्यापेक्षा जास्त नुकसान होतं. उलट निम्मा वारा आरपार जाऊ देणारा अडसर, मग तो झुडपांचा असो की खांबांवर ताणलेल्या जाळीचा, वाऱ्याचा जोर काढून घेतो आणि त्याला शांतपणे पुढे सोडतो. असा अडसर आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत उपयोगी पडतो. दोन मीटर उंचीची जाळी वीस मीटरपर्यंत आडोसा देते. तिची लांबी मात्र टनेलपेक्षा बरीच जास्त हवी, कारण दोन्ही टोकांना वळसा घालून येणारा वारा उलट वेग घेतो. मध्येच सोडलेली मोकळी वाटही तेच करते. आणि जाळीचे खांब दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त भार पेलतात, म्हणून ते खोल पुरावे आणि त्यांना तिरके टेकू द्यावेत.

जिवंत अडसराचं सुंदर उदाहरण ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाला, सिली बेटांवर पाहायला मिळतं. तिथली नार्सिसस फुलांची शेतं अगदी चिमुकली आहेत आणि प्रत्येक शेताभोवती पिटोस्पोरम, युओनिमस, एस्कॅलोनिया या खारा वारा सोसणाऱ्या झुडपांच्या उंच भिंती आहेत. त्यांच्या आडोशात हिवाळ्यात फुलं काढून ती मुख्य भूमीवर पाठवली जातात. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर ऑस्गुड मॅकेन्झी यांनी १८६२ मध्ये इनव्हर्यू इथे उघड्या खडकाळ भूशिरावर बाग करायला घेतली, तेव्हा आधी पाइनसारख्या झाडांचा पट्टा लावला आणि तो वाढेपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहिली. नाजूक झाडं त्यानंतर आली. आज जगाच्या दक्षिण गोलार्धातल्या वनस्पती तिथे वाढताना दिसतात.

पण झाडांचा आडोसाही अभेद्य नसतो. सिलीमधल्या ट्रेस्को बेटावरची प्रसिद्ध बाग एकोणिसाव्या शतकात लावलेल्या माँटेरे पाइन आणि माँटेरे सायप्रसच्या पट्ट्यामागे वाढली होती. जानेवारी १९९० च्या वादळात तो पट्टा जवळजवळ सगळा आडवा झाला. पुन्हा लावावा लागला. आणि नोव्हेंबर २०२१ मधल्या आर्वेन वादळाने आणखी एक धडा दिला. ब्रिटनमध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, झाडांची मुळंही त्याच दिशेच्या ताणाला सरावलेली असतात. आर्वेन ईशान्येकडून आलं. एकाच बाजूला जाळी बांधून निर्धास्त राहिलेल्यांच्या टनेलला त्या रात्री आडोसाच नव्हता.

काचघराचं दुखणं थोडं निराळं. परसबागेतल्या काचघरात पूर्वी ३ मिलिमीटर जाडीची साधी काच असे आणि अजून अनेक ठिकाणी आहे. ती मोठ्या धारदार तुकड्यांत फुटते. तारेच्या छोट्या स्प्रिंग क्लिपांनी ती चौकटीत धरलेली असते. एक क्लिप निसटली की काच थरथरते, एक काच गेली की आत वारा शिरतो आणि मग छताच्या काचा आतून बाहेर फेकल्या जातात. छत्री उलटी व्हावी तसं ते घडतं. म्हणून तडकलेली काच ‘वसंतात बदलू’ म्हणून ठेवू नये. काच मिळत नसेल तर त्या जागी प्लायवुड कापून बसवावं, पण भोक उघडं ठेवू नये. पॉलिकार्बोनेटचे पातळ पत्रे फुटत नाहीत, तरी ते इतके हलके असतात की चौकटीतून सटकतात. कडेने सिलिकॉन भरलं किंवा लांब पट्ट्यांनी दाबून धरलं की ते जागा सोडत नाहीत. आणि चौकट पायाला बोल्टने जखडलेली हवी. विटांच्या पायावर नुसतं ठेवलेलं काचघर पहिल्या मोठ्या झोतात सरकतं.

वादळाचा इशारा आला की करायची कामं थोडी आणि साधी आहेत. दारं, खिडक्या, झडपा बंद करून कड्या घालायच्या, त्यात आपोआप उघडणाऱ्या झडपाही आल्या. आजूबाजूच्या रिकाम्या कुंड्या, खुर्च्या, पत्र्याचे तुकडे आत न्यायचे, कारण उडून आलेली वस्तूच बऱ्याचदा पहिलं भोक पाडते. काही अनुभवी बागाईतदार अगदी शेवटी, सांगाडाच वाकायला लागेल असं दिसलं तर, वादळ भरात येण्याआधी प्लॅस्टिक स्वतः कापून मोकळं करतात. प्लॅस्टिक जातं, सांगाडा वाचतो. एकदा वारा भरात आला की मात्र जवळही जाऊ नये. काच आणि ताणलेला पाइप माणसाचा जीव घेऊ शकतात. कोणतंही रोप त्या मोलाचं नाही.

महाराष्ट्रात हिवाळा शांत असतो, आपल्याकडे वाऱ्याचा काळ मे-जूनचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट चढून मावळात शिरलं, तेव्हा गुलाब आणि जरबेराच्या पॉलिहाऊसचं प्लॅस्टिक फाटलं, पाइप वाकले. फुलांचा धंदा टाळेबंदीने आधीच बसलेला होता, त्यात हे संकट. तिथल्या शेतकऱ्याचं भांडवल छंदाचं नव्हतं, कर्जाचं होतं. भौतिकशास्त्र मात्र अन्स्टवर आणि मावळात एकच आहे. जळगावचा केळी उत्पादक बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतो, कुठे कुठे हिरवी नेट बांधतो, ती हीच झिरपणाऱ्या अडसराची युक्ती. कोकणात किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनांचा हेतूही तोच. पॉलिहाऊसभोवती अशी ओळ मात्र अजून क्वचितच दिसते. सावली पडेल, या भीतीने शेतकरी ती टाळतो. ती भीती खरी असली तरी उपाय सोपा आहे. ओळ पश्चिमेला, पॉलिहाऊसपासून तिच्या उंचीच्या दोन-तीनपट अंतरावर ठेवली तर सकाळपासून दुपारपर्यंतचं ऊन पूर्ण मिळतं आणि आडोसाही राहतो.

ज्यांच्याकडे पॉलिहाऊस, शेडनेट किंवा गच्चीवरचं छोटं हरितगृह आहे, त्यांनी वळवाच्या वाऱ्याआधी, एप्रिलच्या शेवटी, एक सकाळ त्यासाठी काढावी. प्रत्येक खांब हलवून पाहावा, झिगझॅग स्प्रिंग पट्टीत नीट बसली आहे का ते बघावं, प्लॅस्टिकच्या चिरा टेपने बुजवाव्यात, कर्टनच्या दोऱ्या आणि दारांच्या कड्या तपासाव्यात. शेवरीचं बी पावसाळ्याच्या तोंडावर टाकलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती ओळ माणसापेक्षा उंच झालेली असते.